सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स पार्लमेंटात कसा पोहोचला?

प्रश्न असा आहे : लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर 'सेव्हर्नड्रूग कॅसल' म्हणून एक तिकोनी बुरूज आहे. हे नाव आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गाचंच. ज्याच्या स्मरणार्थ तो बांधला, तो विल्यम जेम्स ब्रिटिश राजाच्या नौदलातला अधिकारी होता की ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर? आणि असा माणूस पार्लमेंटचा सभासद कसा झाला?

थोडक्यात उत्तर : तो राजाच्या नौदलात अधिकारी कधीच नव्हता. तो कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चा कमोडोर होता. १७७४ ते १७८३ या काळात वेस्ट लू या कॉर्नवॉलमधल्या मतदारसंघातून तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला. ती जागा त्याला सुवर्णदुर्गाच्या पराक्रमाबद्दल मिळाली, असं अनेक ठिकाणी सुचवलेलं असतं; ते बरोबर नाही. सुवर्णदुर्ग आणि पार्लमेंट यांच्यामध्ये जवळपास वीस वर्षं आहेत, आणि त्या वीस वर्षांत पैसा, जमीन आणि कंपनीचं संचालकपद आहे. त्यामुळे जेम्सला समजून घ्यायचं तर आधी कंपनीचा माणूस म्हणून पाहावं लागतं, दर्यावर्दी आणि खासदार त्यानंतर.

आधी बॉम्बे मरीन म्हणजे काय ते. अठराव्या शतकाच्या मध्यावर मुंबईला कंपनीचं स्वतःचं लढाऊ जहाजांचं दल होतं. मुंबईकडे येणारी-जाणारी व्यापारी गलबतं सांभाळून नेणं, किनाऱ्यावर गस्त घालणं, कंपनीचा दस्तक (परवाना) नसलेली जहाजं अडवणं ही त्याची रोजची कामं. अधिकारी युरोपीय, खलाशांत मोठा भरणा इथल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा. हुकूम मुंबईच्या गव्हर्नरचा आणि त्याच्या कौन्सिलचा. लंडनच्या नौदल खात्याशी काही संबंध नाही. 'कमोडोर' ही इथे कायमची पदवी नव्हे. दलातल्या जहाजांचं एकत्रित नेतृत्व ज्याला सोपवलं, त्याचा तो हुद्दा. राजाच्या आरमारातले कप्तान या लोकांना आपल्या बरोबरीचे मानत नसत. १७५६ साली विजयदुर्गासमोर दोन्ही दलं एकत्र आली, तेव्हा मुख्य कमान निर्विवादपणे रिअर अॅडमिरल चार्ल्स वॉटसनकडे होती. त्याआधी पाच वर्षं हाच किनारा गस्तीने पिंजून काढलेला जेम्स तिथे मदतनीसाच्या जागी होता.

जेम्सचा जन्म १७२१ च्या सुमाराचा, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायर भागातला. घर अगदी साधं. त्याच्या तरुणपणाविषयी बऱ्याच सुरस कथा आहेत, पण त्यांतल्या बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या, म्हणून त्या सोडून देतो. १७४७ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ पर्यंत मुंबईच्या दलाचा प्रमुख झाला. चार वर्षांत एवढी चढती कमान दिसते, कारण दल लहान होतं, माणसं आजाराने पटापट मरत होती, आणि व्यापारी काफिले सुखरूप पोहोचवण्यात जेम्सचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

समोर तुळाजी आंग्रे होते. कान्होजी १७२९ मध्ये वारले, पुढे मुलांत वाटण्या झाल्या. कुलाब्याला मानाजी, दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर तुळाजीकडे. तुळाजीने १७४९ मध्ये कंपनीचं 'रेस्टोरेशन' हे लढाऊ जहाज पकडलं, १७५४ मध्ये तीन डच जहाजांवर हल्ला करून दोन जाळली आणि एक ताब्यात घेतलं. इंग्रजी कागद त्याला सरसकट 'पायरेट' म्हणतात. तो आपल्या समुद्रावर दस्तक मागत होता आणि नसेल तर जहाज धरत होता. कंपनीही तेच करत होती. फरक एवढाच, की तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हता, आणि तेच त्याला भोवलं.

आता थोडं जहाजांविषयी, कारण पुढच्या लढाईचं गणित त्यावर आहे. आंग्र्यांची गुराब दोन डोलकाठ्यांची असली तर दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची असली तर तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) लांब निघालेली. नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. बाजूंना त्याहून हलक्या. गलबत फार तर सत्तर टनांचं, त्यावर सहा ते आठ लहान तोफा आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत, शत्रूच्या जहाजाच्या पाठीमागे आणून उभी करत, आणि गुराबा त्याच्या डोलकाठ्या-दोरखंडांवर मारा करत. मोठ्या जहाजाच्या बाजूंना तोफा भरपूर, पिछाडीला मोजक्या; शिवाय वारा नसला तर ते वळवता येत नाही. एकदा ते लंगडं झालं, की गलबतांतून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन चढत. ही पद्धत शांत समुद्रात, एकट्या व्यापारी जहाजावर हमखास लागू पडे.

ती कुठे फसे? वारा भरात असेल, समोरचं जहाज एकटं नसेल आणि त्याचा कप्तान पिछाडी देत नसेल तेव्हा. जेम्सने हेच केलं. काफिला आणि शत्रू यांच्यामध्ये आपण राहायचं, शत्रू जवळ आला की पळायचं नाही, जहाज आडवं करून पूर्ण बाजूचा बार द्यायचा. अठरा पौंडी गोळ्याला गुराबीच्या फळ्या टिकत नसत. यात फार मोठी रणनीती नाही. पण त्याआधीचे कित्येक कप्तान व्यापारी माल पोटात भरून तोफांसमोर गाठोडी रचून ठेवत आणि ऐन वेळी तोफ बाहेरच काढता येत नसे. जेम्सच्या जहाजांवर तोफा मोकळ्या असत, हा खरा फरक.

मार्च १७५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिये आणि पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्यात करार झाला. समुद्रावरची कमान इंग्रजांकडे, जमिनीवरून मोर्चे मराठ्यांचे; मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना, सुवर्णदुर्ग पेशव्यांना. २२ मार्चला जेम्स मुंबईहून निघाला. बरोबर ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर', १६ तोफांचं एक लहान जहाज आणि दोन बाँब-जहाजं, म्हणजे उखळी तोफा बसवलेली. एवढंच. कौन्सिलचा मुळात हुकूम नाकेबंदीचा होता, किल्ल्याला भिडण्याचा नव्हता. वाटेत मराठ्यांचं आरमार मिळालं. तुळाजीचं आरमार सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला नांगरलेलं सापडलं, पण ते पहाटेच्या भूमीवाऱ्यावर दोर तोडून निसटलं. जयगडपर्यंत पाठलाग झाला. पळणाऱ्यांनी सामान समुद्रात फेकलं, पागोटीसुद्धा शिडासारखी वाऱ्यावर धरली, असं इंग्रजी वृत्तांत सांगतो. 'प्रोटेक्टर' पुढे, मराठ्यांची जहाजं फार मागे. मराठ्यांचं आरमार मुद्दाम मागे राहिलं, असा आरोप त्या वृत्तांतात आहे. खुल्या समुद्रासाठी बांधलेलं इंग्रजी जहाज आणि किनारा धरून चालणाऱ्या गुराबा यांची भर समुद्रात बरोबरी व्हायची नव्हती, हेही त्याच्या शेजारी ठेवायला हवं.

जेम्स परत आला तेव्हा रामाजीपंतांचं सैन्य किनाऱ्यावरच्या किल्ल्यावर लांबून तोफ डागत होतं. हर्णैचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सुवर्णदुर्ग बेटावर, किनाऱ्यापासून पाव मैलाच्या आसपास. समोर किनाऱ्यावर तीन किल्ले : भूशिरावर कनकदुर्ग, त्याला लागून फत्तेगड, आणि जरा उत्तरेला गोवा किल्ला. इंग्रजी वृत्तांतात 'गोवा' वाचून काही जणांनी पोर्तुगीज गोव्यापर्यंत धाव घेतली आहे. तो हा गोवा किल्ला. हे तीन किल्ले बेटाच्या पाठीराख्यांसारखे. बेटाला वेढा घातला तर किनाऱ्यावरून रसद आणि माणसं येणार, किनाऱ्याला वेढा घातला तर बेटावरून. म्हणून एकट्या आरमाराने किंवा एकट्या फौजेने हा किल्ला घेणं अवघड होतं.

२ एप्रिलला जेम्सने पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या समुद्राच्या बाजूने मारा सुरू केला. दिवसभरात आठशेच्या आसपास गोळे गेले. परिणाम जवळपास शून्य. तट तिथे अर्धा कातळातूनच उठवलेला. इंग्रजी वृत्तांतात उंची पन्नास फूट, जाडी अठरा फूट दिली आहे. अठरा पौंडी गोळा असल्या तटावर आपटून फुटतो किंवा परततो. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने सांगितलं, की त्या बाजूने भगदाड पडणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाज खेचत बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात नेलं.

सगळी लढाई त्या हालचालीत आहे. अशा जागी शिडं लावून जाता येत नाही. आधी होडीतून माणसं पाठवून शिशाच्या वजनाने खोली मोजायची, मग होडीने नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि जहाजावरच्या फिरत्या रहाटावर दोर गुंडाळत जहाज हळूहळू ओढायचं. भरती-ओहोटीचं भान सुटलं तर तळ टेकतो, आणि शंभर यार्डांवर दोन्हीकडे शत्रूच्या तोफा. तळ टेकला असता तर 'प्रोटेक्टर' गेलं असतं आणि जेम्सचं नाव आज कोणाला ठाऊक नसतं. ते टेकलं नाही. एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या गोवा किल्ल्यावर, आणि डोलकाठ्यांच्या मचाणांवरून बंदुकी. या बाजूने अंतर इतकं कमी, की तटावरच्या तोफांजवळ उभं राहणं गोलंदाजांना अशक्य झालं. दुपारच्या सुमाराला उखळीचा एक गोळा गवताने शाकारलेल्या कोठारावर पडला. बंदुकांच्या माऱ्यामुळे आग विझवायला कोणी पुढे जाऊ शकेना, आणि ती दारूकोठारापर्यंत पोहोचून मोठा स्फोट झाला. आतली बायका-मुलं आणि बरेच शिबंदीचे लोक होड्यांतून निघाले, ते पकडले गेले. गोवा किल्ल्याने शरणागतीचं निशाण दाखवलं. किल्लेदार निवडक माणसं घेऊन पुन्हा सुवर्णदुर्गात गेला, दाभोळकडून कुमक येईल या आशेने. जेम्सने निम्मे खलाशी उतरवले, त्यांनी कुऱ्हाडींनी दिंडी दरवाजा फोडला, आणि किल्ला पडला. ८ एप्रिलला बाणकोट विनालढाई हाती आलं. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं.

मराठ्यांना पुढे दक्षिणेकडे जायचं होतं. मुंबईने नकार देऊन जहाजं परत बोलावली. यात दगाबाजी शोधायची गरज नाही. एप्रिलच्या उत्तरार्धानंतर या किनाऱ्यावर मोठं शिडाचं जहाज बाहेर ठेवणं म्हणजे जुगार, आणि हर्णैला निवारा नाही. ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे गेला.

विजयदुर्गातलं जेम्सचं काम वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. विजयदुर्ग अभेद्य, खडकावर उंच चढवलेला, मोठं जहाज जवळ जाऊच शकत नाही, अशी मुंबईत समजूत होती. डिसेंबर १७५५ मध्ये जेम्सला पाहणीला पाठवलं. तो रात्री होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी गेला, खोली मोजली आणि कळवलं, की तट सांगतात तितका उंच नाही, मोठी जहाजं माऱ्याच्या टप्प्यात येऊ शकतात, फौज उतरवायला जागा आहे आणि तोफा चढवायला टेकडीही. वॉटसनने ७० तोफांचं 'केंट' आणि ६६ तोफांचं 'कंबरलँड' खाडीत घातलं ते या मोजमापांच्या भरवशावर. १२ फेब्रुवारी १७५६ ला मारा सुरू झाला, एका गोळ्याने 'रेस्टोरेशन'ला, म्हणजे पूर्वी पकडलेल्या त्याच जहाजाला, आग लागली आणि ती शेजारी बांधलेल्या सगळ्या आरमारात पसरली. दोन पिढ्यांनी उभं केलेलं आंग्र्यांचं आरमार एका संध्याकाळी संपलं. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांकडे. तुळाजी तेव्हा पेशव्यांच्या छावणीत अडकलेले होते आणि पुढचं आयुष्य त्यांनी कैदेत काढलं. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मराठ्यांना त्यातलं काही नाही. किल्ला परत करायलाही टाळाटाळ झाली, आणि ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने तो पेशव्यांकडे आला. सुवर्णदुर्गाला पाळलेला शब्द विजयदुर्गाला पाळला गेला नाही. त्याचा निर्णय जेम्सच्या हातात नव्हता, वाटा मात्र त्यालाही मिळाला.

त्याच्या नौकानयनाचा कस दाखवणारी तिसरी गोष्ट म्हणजे बंगालची सफर. मे १७५६ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध जाहीर झालं. ती बातमी आणि काही सैनिक बंगालमध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्याकडे पोहोचवायचे होते, पण दिवस ईशान्य मोसमी वाऱ्याचे. श्रीलंकेला वळसा घालून उत्तरेकडे जायचं तर वारा तोंडावर, महिनोन्महिने लागत. जेम्स सरळ दक्षिणेला गेला, विषुववृत्त ओलांडून दहा अंश दक्षिणेच्या पट्ट्यात. तिथे त्या महिन्यांत वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यावर तो सुमात्राच्या वायव्य टोकाच्या रेखांशापर्यंत पूर्वेला गेला आणि तिथून उत्तरेला वळला. आता तोच ईशान्य वारा उजव्या अंगाने येतो, तोंडावर येत नाही, आणि जहाज वाऱ्याशी कोन धरून बंगालपर्यंत जाऊ शकतं. अंतर कितीतरी वाढलं, वेळ घटला. मार्च १७५७ मध्ये चंदननगर पडलं, त्याआधी ही कुमक पोहोचली होती.

१७५९ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा चाळिशीही झाली नव्हती, आणि पैसा गडगंज होता. तो पगारातून आला नव्हता. मरीनच्या अधिकाऱ्याचा पगार बेताचाच. पैसा आला लुटीच्या वाट्यातून आणि खासगी व्यापारातून. कंपनी आपल्या माणसांना बंदरा-बंदरांतला व्यापार स्वतःच्या नावावर करू देत असे, आणि कोणतं बंदर सुरक्षित, कोणत्या हंगामात कुठला माल चढा, हे जहाजाच्या कप्तानाइतकं कोणाला कळणार? त्याने केंटमध्ये एल्थमला पार्क फार्म प्लेस ही मालमत्ता घेतली, १७६५ मध्ये अॅन गोडार्डशी लग्न केलं, आणि लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या घरी मेजवान्या देऊ लागला. मुंबईच्या डॅनियल ड्रेपरची बायको एलिझा याच घरी एका नामवंत कादंबरीकाराला भेटली. पुढे १७७३ मध्ये माझगावच्या बेल्व्हिडिअर हाउसमधून रात्री पळून गेलेली एलिझा ती हीच. जेम्सचं नाव इंग्रजी साहित्याच्या इतिहासात तळटीपांत येतं ते या ओळखीमुळे.

जमीन घेणं ही हौस खरी, पण उपयोगही होता. १७११ च्या कायद्याने नगर-मतदारसंघातून निवडून येणाऱ्याकडे वर्षाला तीनशे पौंड उत्पन्नाची जमीन असावी लागे, परगण्यातून निवडून यायचं तर सहाशेची. रोख पैसा, जहाजातली भागी, कंपनीचे शेअर यांतलं काहीच चालत नसे. (अनेक जण मित्राची जमीन कागदोपत्री नावावर करून वेळ मारून नेत, हा भाग निराळा.) सभासदाला पगार नव्हता, तो १९११ पासून सुरू झाला.

मधला टप्पा संचालकपदाचा, आणि तो सोडून पार्लमेंटकडे उडी मारली की गोष्ट समजेनाशी होते. १७६८ पासून जेम्स कंपनीच्या संचालक मंडळात आहे. मंडळ चोवीस जणांचं. उमेदवाराकडे कंपनीचे दोन हजार पौंडांचे शेअर हवेत. निवडणूक शेअरहोल्डरांची, दरसाल. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने हे बदललं : दरवर्षी फक्त सहा जण निवडायचे, मुदत चार वर्षं, मतासाठी पाचशेऐवजी हजार पौंडांचे शेअर आणि तेही वर्षभर हातात असलेले, तीन हजारांना दोन मतं, सहा हजारांना तीन, दहा हजारांना चार. हेतू असा, की निवडणुकीपुरते शेअर वाटून खोटे मतदार उभे करण्याचा धंदा थांबावा. व्यवहारात मतदार घटले आणि सरकारला मंडळ हाताळणं सोपं गेलं. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ आणि नौदलमंत्री लॉर्ड सँडविच यांना कंपनीत आपली माणसं हवी होती. जेम्स सँडविचच्या गोटातला. उलट बाजूने कंपनीलाही कॉमन्समध्ये आपले आवाज हवे होते, कारण १७७३ नंतर तिच्या सनदेपासून कर्जापर्यंत सगळं पार्लमेंटच्या मर्जीवर आलं होतं. दोन्ही गरजा एकाच माणसात भागत होत्या.

वेस्ट लू म्हणजे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. मोजके मतदार, आणि तेही बुलर घराण्याच्या मुठीत. नदीपलीकडे ईस्ट लू, तिथेही हीच तऱ्हा. दोन्ही मिळून चार सभासद पाठवत. मँचेस्टरला तेव्हा एकही नव्हता. सरकार आणि बुलर यांचं जमलं की उमेदवार ठरला. प्रचार, सभा, मतदारांची मनधरणी यांचा प्रश्न येत नसे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने दोन्ही मतदारसंघ रद्द झाले. १७७४ आणि १७८० अशा दोन्ही सार्वत्रिक निवडणुकांत जेम्स इथूनच निवडून आला. गाव समुद्रकाठचं म्हणून दर्यावर्दी निवडला, असा अर्थ कोणी काढू नये.

विजयदुर्गासमोर 'कंबरलँड'वर असलेला दुय्यम अॅडमिरल जॉर्ज पोकॉक याच्याशी तुलना केली की फरक कळतो. तोही खासदार झाला, १७६० ते १७६८ प्लिमथचा. पण प्लिमथ हे नौदलाचं बंदर, तिथली जागा नौदल खात्याच्या प्रभावातली, आणि पोकॉक सभासद असतानाच १७६२ मध्ये हवानाच्या मोहिमेचं नेतृत्व करून एक लाख बावीस हजार पौंडांहून जास्त वाटा घेऊन आला. राजाच्या अधिकाऱ्याला जागा मिळे ती हुद्द्याच्या ओघात, नोकरी चालू असताना. कंपनीच्या अधिकाऱ्याला आधी समुद्र सोडावा लागे, मग जमीन, मग शेअर, मग संचालकपद, मग जागा.

सभागृहात जेम्सने काय केलं? मत नॉर्थच्या सरकारच्या बाजूने, विषय हिंदुस्थानचा. त्याच्या भाषणांचा अधिकृत मजकूर शोधू नका. तो तेव्हा ठेवलाच जात नसे. वर्तमानपत्रांना वादविवाद छापण्याची मोकळीक १७७१ पासून मिळाली, पण ते वृत्तान्त ऐकून-आठवून लिहिलेले. बातमीदाराने 'जेम्स म्हणाले' असं छापलं, की ते त्याचे शब्द असतीलच असं नाही.

खरं वजन लेडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या कचेरीत होतं. ऑगस्ट १७७८ मध्ये त्याला बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारी पदवी) केलं, १७७९ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. आपल्या दृष्टीने ही वर्षं बघण्यासारखी आहेत. मार्च १७७५ ला राघोबादादांशी सुरतेचा तह, मार्च १७७६ ला पुरंदरचा, जानेवारी १७७९ ला वडगावची नामुष्की, मे १७८२ ला सालबाईचा तह. म्हणजे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पूर्णपणे जेम्सच्या खासदारकीच्या काळातलं, आणि वडगावची बातमी लंडनला पचवावी लागली ती साधारण त्याच्या अध्यक्षपदाच्या वर्षात. पेशव्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला बॉम्बे मरीनचा कमोडोर आता पेशव्यांशी लढणाऱ्या कंपनीच्या खुर्चीवर होता. मे १७८२ मध्ये कॉमन्सने याच युद्धाबद्दल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना दोष देणारे ठराव केले. आणि एप्रिल १७८३ मध्ये, तह होऊन गेल्यावर, पेशव्यांचे आरमार-सुभेदार आनंदराव धुळप यांनी कंपनीचं 'रेंजर' पकडून विजयदुर्गात आणलं. १७५६ मध्ये आंग्र्यांचं आरमार जाळून किनाऱ्याचा प्रश्न मिटला, असं मुंबईकरांना वाटलं होतं.

१६ डिसेंबर १७८३ ला जेम्स वारला. मुलीच्या लग्नाचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांकडे देणारं फॉक्सचं विधेयक लॉर्ड्स सभागृहात पडलं. बॅरोनेटची पदवी मुलाकडे गेली आणि १७९२ मध्ये तो तरुणपणीच वारल्यावर संपली.

शूटर्स हिलवरचा बुरूज लेडी जेम्सने १७८४ मध्ये बांधून घेतला. वास्तुकार रिचर्ड जप, हाही कंपनीचाच. उंची ६३ फूट, तिन्ही कोपऱ्यांवर सहा बाजूंचे मनोरे. दारावरच्या लेखात मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला २ एप्रिल १७५५ ला जेम्सच्या शौर्यापुढे पडल्याचं लिहिलं आहे. यात तीन गोष्टी दुरुस्त करून वाचाव्या लागतात. मलबार म्हणजे इथे कोकण. तेव्हाचे इंग्रज सगळ्या पश्चिम किनाऱ्यालाच तसं म्हणत. २ एप्रिल हा मारा सुरू झाल्याचा दिवस, आणि त्या दिवशी काहीच साधलं नव्हतं. रामाजी महादेव आणि पेशव्यांची फौज यांचा उल्लेखच नाही. किनाऱ्याचे किल्ले अडकवून ठेवणारी ती फौज नसती, तर चिंचोळ्या पाण्यात घुसलेल्या 'प्रोटेक्टर'वर दोन्हीकडून पूर्ण ताकदीने मारा झाला असता. बुरूज २०१४ पासून दुरुस्तीनंतर पुन्हा खुला आहे. लंडनमधल्या मराठी मंडळींनी जाण्याआधी उघडण्याचे दिवस पाहून घ्यावेत, रोज उघडा नसतो.

स्वतः शोध घेणार असाल तर नेहमी होणाऱ्या चुका सांगून ठेवतो. बंगळुरूजवळच्या सावनदुर्गाचं जुनं इंग्रजी नाव जवळपास असंच लिहिलेलं असतं. तो १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने घेतला, त्याचा इथे संबंध नाही. विजयदुर्ग इंग्रजी कागदांत गिर्ये गावावरून 'घेरिया' म्हणून शोधावा लागतो. मराठी कागदांत एप्रिल १७५५ म्हणजे सुहूर सन (त्या कागदांतली कालगणना) खमस खमसैन मया व अलफ, अर्थात ११५५. इसवी सन काढायला मृगापूर्वीच्या महिन्यांना ६०० मिळवायचे, नंतरच्यांना ५९९. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं, म्हणून १७५५ च्या इंग्रजी तारखांना काही करावं लागत नाही. 'रेस्टोरेशन'च्या १७४९ च्या तारखांना मात्र अकरा दिवस मिळवावे लागतात, आणि जानेवारी ते २४ मार्चपर्यंतचं साल कागदावर एकाने मागे असू शकतं. मुंबई सरकारच्या तेव्हाच्या रोजनिशा मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत, मराठी बाजू पुण्याच्या पेशवे दप्तरात; कौन्सिलचा हुकूम आणि रामाजीपंतांची पत्रं शेजारी ठेवल्याशिवाय कोण मागे राहिलं आणि का, यावर मत देऊ नये.

शेवटी नावाचा घोळ. विल्यम जेम्स नावाचे नौदलाशी जोडलेले आणखी दोघे सापडतील. एक १८२७ मध्ये वारलेला नौदलाचा इतिहासकार, तो कधी अधिकारी नव्हता. दुसरा अॅडमिरल सर विल्यम मिलबर्न जेम्स. तो राजाच्या नौदलातला, आणि १९४३ ते १९५० पोर्ट्समथ नॉर्थचा खासदारसुद्धा. लहानपणी साबणाच्या फुग्यांकडे पाहणारा मुलगा म्हणून त्याचं चित्र पिअर्स साबणाच्या जाहिरातीवर गाजलं होतं. 'नौदल अधिकारी आणि खासदार विल्यम जेम्स' असं शोधलं की तोच आधी येतो, आणि त्याची छायाचित्रं सुवर्णदुर्गाच्या मजकुराशेजारी लावलेली दिसली तर तो मजकूर तिथेच सोडून द्यावा.